चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिकचा रंग मारू नका

माडीवाला गिरगावकर

आमचं घर गिरगावात, खोताच्या वाडीपासून चार पावलांवर. तळमजला आणि वर माडी, विटांच्या जाड भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, पुढे सागवानी कठडा. सात वर्षांपूर्वी बाहेरून रंग द्यायचा ठरला तेव्हा जो तो म्हणाला, ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकचा रंग मारा, पाणी शिरणारच नाही. मारला. आधी पुट्टी, मग प्रायमर, मग दोन हात. पहिला पावसाळा छान गेला. तिसऱ्यानंतर खिडकीखाली पुरीएवढे फुगे आले. एक बोटाने दाबला तर तपकिरी पाणी मनगटापर्यंत ओघळलं आणि पापुद्र्यामागचा गिलावा भुगा होऊन हातात आला. आजोबांच्या आधीपासून टिकलेला गिलावा!

जुनी भिंत पाणी पिणारच. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जोत्यातून ओल चढते, पन्हळ गळते. चुन्याची भिंत ऊन पडलं की ते पाणी बाहेर टाकते. वर प्लास्टिकचं कातडं चढवलं की पाणी आत कोंडतं, लोणा लागतो, म्हणजे भिंतीतले क्षार फुलून वर येतात, आणि रंगासकट गिलावा सुटतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्या घराचा गिलावा अजून चुन्याचा आहे, त्याला बाहेरून चुन्याचाच हात द्यावा. चुना म्हणजे फक्त पांढरा नव्हे. पिवळी पिवडी आहे, तांबडी हिरमुंजी आहे, नीळ आहे. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात नीट विरवली, गाळून घेतली, डिंक घातला आणि पातळ हात तीन-चार दिले, तर हाताला लागत नाही.

चाळीचा सेक्रेटरी

असहमत. तुमचं काम शिडीवर होतं. आमची चाळ चार मजली, परांची बांधायलाच निम्मे पैसे जातात. चुना दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारायचा म्हणजे दर वेळी परांची, दर वेळी वर्गणी. आम्ही पागडीचे भाडेकरू, मालकाकडून रंगाची अपेक्षाच नाही. मागच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पेन्शनमधून दोन हप्त्यांत पैसे दिले. तीन वर्षांनी पुन्हा त्यांच्या दारात हात पसरायला मी जाणार नाही.

शिवाय समोरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा होऊन तीस वर्षं झाली. त्यावर चुना धरत नाही, ओघळतो. आम्हाला आठ वर्षं टिकणारा रंग हवा.

तिसऱ्या पिढीचा रंगारी

दोघांनीही एक गोष्ट सोडली: वेळ. सगळ्यांना दिवाळीच्या आत रंग हवा असतो. ऑक्टोबरात भिंत वरून कोरडी दिसते, पण तळहात टेकवा, गार लागेल. आतलं पाणी तसंच आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम धरला असेल तर काम घेऊ नका. मी गिऱ्हाइकाला जानेवारी सांगतो, निम्मे दुसरीकडे जातात. आणि पन्हळ गळत असेल तर आधी प्लंबर, मग रंगारी.

सेक्रेटरीसाहेब, सिमेंटवर सिलिकेट रंग बघा. जर्मनीत काइम यांनी १८७८ साली त्याचं पेटंट घेतलं. तो गिलाव्यात मुरतो, वाफ अडवत नाही आणि चुन्यापेक्षा खूप टिकतो. मात्र जुनं ॲक्रिलिक पूर्ण खरवडावं लागतं आणि भाव चांगलाच जास्त आहे.

चाळीचा सेक्रेटरी

चार मजले खरवडायचे? मजुरीचा आकडा मी सभेत मांडूच शकत नाही.

रणवारची लेक

मी वांद्र्यातल्या रणवार गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली. चुना की ॲक्रिलिक हा वाद बरोबर आहे, पण आमच्या गल्लीत मला दुसरीच धास्ती आहे. सगळ्या घरांना एकच क्रीम रंग द्या, म्हणजे 'हेरिटेज' दिसेल, असं म्हणणारे वाढलेत. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली ती जुनी घरं जपायला, त्यांना गणवेश चढवायला नव्हे. परवा खिडकीची चौकट ब्लेडने खरवडली: वर तपकिरी, खाली हिरवा, त्याच्या खाली गर्द निळा. तो निळा माझ्या पणजीने बघितला असेल. मी तोच देणार.

तिसऱ्या पिढीचा रंगारी

ताई, निळा जरूर द्या, पण ब्लेड आधी खाली ठेवा! जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. कोरडं घासू नका, बर्नरने जाळू नका. पाणी मारून ओलं घासा, खाली ताडपत्री टाका, मुलांना लांब ठेवा. माझे वडील आयुष्यभर तोंडाला फडकंही न बांधता घासत आले, म्हणून कळकळीने सांगतो.

माडीवाला गिरगावकर

सेक्रेटरीसाहेब, सिमेंट झालेल्या भिंतीबद्दल तुमचं मान्य. आजींचंही पटलं, तो विचार मी केला नव्हता. पण 'आठ वर्षं टिकतो' हे नीट तपासा. आमच्या हमीपत्रात ओल आणि गिलाव्याचा दोष दोन्ही वगळले होते. रंग टिकवण्याची हमी होती, भिंतीची नव्हती. आणि तुमच्या चाळीच्या चारही भिंतींना सिमेंट आहे का?

चाळीचा सेक्रेटरी

नाही. मागे नळाजवळची भिंत अजून चुन्याची आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त पोपडे तिथेच आलेत. पुढची बाजू ॲक्रिलिकच राहील, तिथे मी हटणार नाही. मागच्या भिंतीचा पहिल्या मजल्यापर्यंतचा पट्टा शिडीवर होईल. तेवढा जानेवारीत खरवडून चुन्याने करून बघतो. चांगली चुनकळी हल्ली कुठे मिळते?