एकलहऱ्याचे 210 मेगावॅटचे संच: दुपारी भार उतरवायचा की सरळ बंद करायचे?

दारणाकाठ (धागाकर्ता)
नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्राचे 3, 4, 5 हे वीजनिर्मिती संच 1979 ते 1981 मधले. आता दुपारी सौर वीज मुबलक असते आणि मागणी चढते ती दिवेलागणीला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार कोळसा संचांनी क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंत उतरायचंय, म्हणजे 84 मेगावॅट. माझ्या मते एवढ्या जुन्या यंत्राला असं रांगायला लावू नये. विदर्भातून रेल्वेनं येणाऱ्या कोळशात 35-40 टक्के राख, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा तरी आपण राखेपायी मोजतो. मेरिट ऑर्डरमध्ये (स्वस्त वीज आधी घ्यायच्या क्रमात) बसत नसेल तर संच दुपारी बंद करा, संध्याकाळी पुन्हा घ्या.

ड्रमलेव्हल
पुन्हा घ्या म्हणे! अहो, तो काय पंप आहे बटण दाबायला?
हिशोब मांडू. हीट रेट (एका युनिटला लागणारी उष्णता) 2,600 आणि कोळसा किलोला 3,500 किलोकॅलरीचा धरला तर युनिटला साधारण 740 ग्रॅम कोळसा लागतो. पूर्ण भाराला तासाला 156 टन, म्हणजे 3,800 टनांची एक रेक (मालगाडी) जेमतेम दिवसभर पुरते. 55 टक्क्यांवर, म्हणजे 115 मेगावॅटवर, हीट रेट बिघडतो. ग्रिड कोड (वीजजाळ्याची नियमावली) अशा संचाला 55 ते 65 टक्के भाराला 6 टक्के सूट देतो, तीच धरू. सहा तासांत जादा कोळसा जळतो सुमारे 30 टन.
उलट रोज बंद-चालू केलात तर प्रत्येक वेळी तेल जाळा, शिवाय बॉयलरच्या ड्रमची (पाणी-वाफेच्या टाकीची) जाड भिंत आणि टर्बाइनचा रोटर रोज ताणा-आवळा. वाफ 535 अंशांची. पत्रा लवकर तापतो, जाड धातू मागे राहतो. त्या फरकानंच भेगा पडतात.

राखाडी
30 टनांचा हिशोब मान्य, पण त्यात भट्टीतली ज्योत कुठेय?
115 मेगावॅटला तासाला 90 टन कोळसा लागतो, कोळसा दळणाऱ्या सहापैकी तीन मिल पुरतात. त्या लागून असलेल्या हव्यात, बी-सी-डी अशा. मधली मिल अडकली की वरची आणि खालची ज्योत एकमेकींना आधार देत नाहीत. कोळसा ओला असेल तर मिलच्या आउटलेटचं तापमान 65 च्या खाली घसरतं, भुकटी जाड येते, भट्टी धडधडते. मग तेलाची गन (तेल फवारणारा बर्नर) आत. आणि ज्योत गेलीच, तर ताबडतोब तेल मारून पेटवायचा मोह होतो, तिथंच स्फोट होतात. ट्रिप (संच आपोआप बंद पडणं) म्हणजे ट्रिप. 30 टक्क्यांहून जास्त हवेनं पूर्ण पाच मिनिटं पर्ज (भट्टी हवेनं साफ करणं), मगच इग्नायटर (ज्योत पेटवणारं साधन).
शिवाय फ्लू गॅस (भट्टीतून निघणारा धूर) थंड पडला की एअर प्रीहीटरच्या (भट्टीची हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) थंड टोकाला आम्ल साचतं आणि त्यातल्या पत्र्यांच्या बास्केट गंजतात.

ओढा_साइडिंग
दोघंही कोळशाचं यार्ड विसरलात. संच खाली आला की कोळशाचा उठाव कमी होतो, ढीग पडून राहतो आणि आतून तापतो. आधी आला तो आधी उचला, बुलडोझरनं थर दाबून हवा काढा. धूर दिसला की वरून नुसतं पाणी मारू नका, पाणी वाट काढून खाली जातं आणि आतला भाग तसाच धुमसतो. तो भाग उकरून, पसरून थंड करा. तसला तापलेला कोळसा पट्ट्यावर गेला तर बंकरमध्ये (मिलच्या वरच्या कोळसाकोठीत) आग ठरलेली.

दारणाकाठ
राखाडी, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. 55 वर चालवा, हरकत नाही. 40 वर तेलाशिवाय ज्योत टिकल्याचं चाचणीत दिसेपर्यंत नको.

ड्रमलेव्हल
55 वर माझंही भांडण नाही. पण बंदचा आग्रह सोडा.

राखाडी
एक राहिलं. कमी भारावर बॉयलरच्या ट्यूबची गळती लवकर लक्षात येत नाही, कारण आयडी फॅनला (भट्टीतला धूर ओढणाऱ्या पंख्याला) भरपूर वाव असतो, त्याचा अँपिअर थोडा वाढला तरी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. डीएम पाण्याचा मेकअप (बॉयलरमधली तूट भरायला घातलेलं शुद्ध पाणी) दर शिफ्टला लिहा आणि मागच्या शिफ्टशी ताडून पाहा. वाढला, तर तेवढ्यात संच बंद करा. एका फुटक्या नळीचा झोत शेजारच्या चार कापायला वेळ लावत नाही.