प्रतिसाद: पिल्लांसाठी घरगुती ब्रूडर

कोंबडीची पिल्लं सकाळी खोक्याच्या कोपऱ्यात मेलेली सापडतात, असं तुम्ही विचारलंय. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा; त्यात एलईडी बल्ब लावा असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय, तो बाद करा. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. साधा पिवळा तारेचा बल्बच हवा. अंदाज पिल्लामागे 2 वॅट. 50 पिल्लांना 100 वॅटचा एक लावण्यापेक्षा 60 चे दोन लावा, रात्री एक उडाला तरी दुसरा असतो. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने टांगा. भुशावर पडला की आग.

चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी कोपऱ्यातच मेलेली सापडतात म्हणताय, ते बहुधा यामुळेच. दीड फूट उंच पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल करा, व्यास 4 ते 5 फूट. खाली दोन इंच भाताचं तूस. नुसता गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात.

पिल्लं यायच्या आधी काही तास बल्ब चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच खरं सांगतात: बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर उकाडा, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा लागतोय.

पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर भिजून गारठतात. लोडशेडिंगला कोळशाची शेगडी चालेल, पण निखारे बाहेर फुलवून मगच आत आणा आणि वरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत शेगडीचा वायू माणसालाही मारतो.