ज्वारीतलं लोह कोणी पळवलं?

सदरचा_राजा: ग्रुपवर हे फिरून राह्यलं: "आजोबांच्या ज्वारीत ताकद होती. आताच्या बियाण्यानं लोह-जस्त खाल्लं. कंपन्यांनी जाणूनबुजून निकस वाण दिले." मला तं शंभर टक्के पटलं.

धरमपेठ_मास्तरीण: "जाणूनबुजून" वाचूनच डोकं फिरलं. लोह मातीतून येतं. मुळं किती ओढतील, दाण्यात किती उतरेल हे बरंचसं जनुकांवर असतं. जंगली एमर गव्हात (आपल्या खपली गव्हाचा रानटी पूर्वज) जीपीसी-बी1 नावाचं जनुक आहे, 2006 साली ते हाती लागलं. ते पानं लवकर पिकवतं आणि पानांतलं नत्र, लोह, जस्त दाण्यात ढकलतं. आपल्या बहुतेक गव्हांत ते निकामी आहे, आणि हे बियाणं कंपन्या जन्मायच्या कितीतरी आधीपासून. राहिला नवीन वाणांचा मुद्दा. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे, जुने नमुने जपलेत. 1960च्या दशकापर्यंत दाण्यातलं लोह-जस्त फारसं हललं नाही. बुटके, भरघोस वाण आले आणि ते घसरलं. मातीतलं मात्र घटलेलं नव्हतं. उत्पन्न वाढलं, त्या मानानं लोह वाढलं नाही. यात कट कुठे आला?

सदरचा_राजा: म्हणजे घटलं न! एवढं लिहून शेवटी माझंच खरं केलं. धन्यवाद मॅडम.

धरमपेठ_मास्तरीण: घटलं ते गव्हात, तुम्ही बोलताय ज्वारीबद्दल. ज्वारीत तर पैदासकारांनी उलट वाढवून दाखवलं: परभणी शक्ती हे वाण, 2018. किलोला साधारण 45 मिलीग्रॅम लोह, नेहमीच्या वाणांत 30च्या आसपास.

काटोल_लाईन: कागदावर लय भारी. कळमन्याच्या धान्यबाजारात लोह मोजते कोणी? व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेते, चमक पाहते, एक दाताखाली फोडते, झाला भाव. अन् ते पानं लवकर पिकवणारं जनुक आमच्याकडं नका आणू. इथं फेब्रुवारीतच ऊन चटकते, गहू तसाही चिरमटते. ज्वारीचं तं बोलूच नका. रोही अन् डुकरं रात्रीतून वावर साफ करते. आम्ही काय हौसेनं सोयाबीनवर गेलो?

मानेवाडा_ताई: सगळे बियाण्याला धरून बसले. रेशनच्या तांदळाचं कोण बोलणार? त्यात कायचे दाणे मिसळतात, पाण्यात टाकले की वर तरंगतात. प्लास्टिक!

धरमपेठ_मास्तरीण: प्लास्टिक नाही हो ताई. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल, बी12 घालून यंत्रातून पाडलेले दाणे आहेत, शंभर किलोत एक किलो. हलके असतात म्हणून काही तरंगतात. त्याचा जनुकांशी संबंध नाही.

मानेवाडा_ताई: संबंध नाही कसा? माझ्या भाच्याला सिकलसेल आहे, जनुकातूनच येणारा रक्ताचा आजार. सारखं रक्त चढवावं लागते, अंगात लोह साचते, डॉक्टर लोहाची गोळीही देत नाहीत. विदर्भात घरोघरी हा आजार अन् सगळ्यांच्या ताटात तोच तांदूळ! एका दवाखान्यात विचारलं तं बाई म्हणे, "तुमचं तुम्ही पाहा." पुस्तकं वाचणाऱ्यांनी द्यावं उत्तर.

सदरचा_राजा: आता बोला मॅडम.

धरमपेठ_मास्तरीण: तुम्ही मध्ये नाचू नका, उगाच तेल ओतायला. ताई, वारंवार रक्त चढणाऱ्यांसाठी तुमची काळजी रास्त आहे. घराघरातला फरक ओळखायची सोय रेशन दुकानात नाही, तेवढं मान्य. पण म्हणून तांदूळ प्लास्टिकचा होत नाही.

मानेवाडा_ताई: मोठे उपकार झाले.

खामला_आचारी: भांडा. गव्हाचं बरंचसं लोह कोंड्यात अन् तुम्ही मैद्यासारखं पीठ चाळून कोंडा गाईला घालता. गाय ठणठणीत आहे.

धरमपेठ_मास्तरीण: त्याच कोंड्यातला फायटेट नावाचा पदार्थ लोह धरून ठेवतो, अर्धवट सांगू नका. पीठ आंबवा, नाही तर धान्याला मोड आणा, मग काही सुटतं.

काटोल_लाईन: परभणी शक्तीची पिशवी नागपुरात कुठं भेटते ते सांगा. दोन तास वाद चालू आहे, हे एक कोणी सांगून नाही राह्यलं. बांधावर चार ओळी पेरून पाहतो. डुकरानं ठेवली तं.