कमानपाट्याचा चाकू केला पण मूठ उलली, जुन्या पद्धतीनं कशी बसवायची?

बांधावरचा_पोट्टा
राम राम मंडळी. आमच्या आज्याजवळ एक चाकू होता, बाभळीची मूठ, ना खिळा ना स्क्रू, तरी आज्या गेला तोवर हलली नाही. तसाच कराव म्हणून भंगारातून ट्रकचा कमानपाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) आणला, गावच्या खात्याकडून, म्हणजे लोहाराकडून, पातं ठोकून घेतलं अन् धुऱ्यावरच्या बाभळीची फांदी तोडून मूठ केली. आठ दिवसात उभी उलली राजेहो. एपॉक्सीचा गोंद नाही लावायचा मले, मंग मजा काय. अन् गुराख्याले जंगलात सांबराचं गळलेलं शिंग सापडलं हाय, त्याची मूठ चालन का?

भाता_मारतो
ताज्या फांदीची मूठ उलनच ना भाऊ! फांदीच्या मधला गाभा मुठीत आला की उलतेच, म्हणून जाड ओंडका फाडून कडेचा तुकडा घे, दोन्ही तोंडाले मेण लाव अन् सावलीत पाच-सहा महिने पडू दे. धावडा भेटला तं बाभळीपेक्षा बरा, कुऱ्हाडीचे दांडे उगाच त्याचे नाही करत.
मंग लहान भोक पाडून पात्याचं शेपूट (मुठीत जाणारा निमुळता भाग) तापवून त्यात जाळत घुसवायचं, पण पात्याले ओलं फडकं गुंडाळून ठेवजो नाहीतं धारेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते, हे लोकं विसरते अन् मंग लोहाराले शिव्या देते. शेपटीले छिन्नीनं खाचा मार. भोकात पळसाची लाख वितळवून भर, तिच्यात चाळलेली विटेची भुकटी टाक कारण नुसती लाख ठिसूळ राहते, शेपूट जरासं गरम करून दाब, थंड होईस्तोवर हलवू नको. तोंडाशी पितळेची शेंबी (कडं) बसव. फक्त चुलीजवळ ठेवू नको, लाख नरम पडते.
तापलेलं पातं पाण्यात विझवलं का तेलात? कमानपाटा पाण्यात टाकला तं तडकू शकते.

मेळघाटाच्या_पायथ्याशी
सांबराच्या शिंगाले हात लावू नको बाप्पा. 1972 चा वन्यजीव कायदा गळलेल्या शिंगालेही लागतो, घरात सापडलं तरी केस. गुराख्याले सांग वनरक्षकाकडे देऊन टाक म्हणा. म्हशीचं शिंग वापर, पाण्यात भिजत घातलं की आतलं हाड सुटते, मंग आचेवर गरम करून सरळ होते. वास मात्र असा की बायको घरात घेणार नाही.

जुनं_लोखंड
थोडं विषयाबाहेर. नागपूर जिल्ह्यात, पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला महापाषाण काळातली (मोठाले दगड रचून दफनं करायचे तो काळ) लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली, अन् नागपूरजवळच्या माहुरझरीला लोखंडी खंजीर सापडले त्यातल्या काहींची मूठ तांब्याची. म्हणजे लोखंडाचं पातं अन् दुसऱ्याच धातूची मूठ, हा जोड आपल्याकडे अडीच हजार वर्षं जुना. तांब्याची मूठ कोणी करून पाह्यली का?

बांधावरचा_पोट्टा
पाण्यातच विझवलं होतं 🙈 आता भिंग घेऊन पाहतो तं टोकाजवळ केसासारखी रेघ दिसते. तेवढं टोक घासून काढलं तं भागन का पातंच गेलं?

भाता_मारतो
रेघ पुरी घासून निघाली अन् भिंगातून मागे दिसली नाही तं भागन. मागे सरकत गेली असन तं पाटा अजून उरला हाय ना, दुसरं ठोक.