मॅप टाइल्स जोडल्या की रांगा उलट्या लागतायत

नकाशावेडा: छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून एका सर्व्हिसवरून टाइल्स (नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे) उतरवतोय, फाइली येतात पण जोडल्या की वरची रांग खाली जाते, दुसऱ्या सर्व्हिसवर तर थेट ४०३ (परवानगी नाही) एरर, कुणी सांगेल का काय होतंय?

भटक्या: पहिली टीएमएसवाली (टाइल्सना क्रमांक द्यायची एक पद्धत) असणार, त्यात वाय म्हणजे रांगेचा क्रमांक खालून मोजतात. २ चा झूमच्या आकड्याइतका घात काढ, त्यातून १ आणि तुझा वाय वजा कर, झालं.

रात्रपाळी: ४०३ बहुतेक युजर-एजंटमुळे (कुठला प्रोग्राम टाइल मागतोय हे सर्व्हरला सांगणारं हेडर), डिफॉल्ट हेडर बऱ्याच ठिकाणी ब्लॉक असतो, स्वतःच्या स्क्रिप्टचं नाव टाक. आणि आधी नियम वाच बाबा, ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) सर्व्हरवरून घाऊक डाउनलोडला बंदीच आहे. झूम एकने वाढला की टाइल्स चौपट, १० व्या झूमलाच अख्ख्या जगाच्या १० लाखांवर जातात!

नकाशावेडा: वायचं जमलं भावा, हेडर बदलून बघतो.