पावसाळ्यातली बंदी आणि गळवाले

भाऊ, तुम्ही म्हणता पावसाळ्यातली मासेमारीबंदी समुद्राची, नदीवर गळ टाकणाऱ्यानं का थांबायचं? १ जून ते ३१ जुलै ही तारीख समुद्रातल्या यांत्रिक नौकांची, हे बरोबर. पण मासा काही कोकणातलाच अंडी घालत नाही. पहिला पूर आला की गोदावरीत रोहू, कटला, मृगळ पोटात गाबोळी (अंडी) घेऊन प्रवाहाच्या उलट चढतात. मरळ माशाचं तर वेगळंच: नर-मादी लालसर पिलांच्या थव्याखाली राखण करतात, आणि आपले लोक नेमकं तिथंच बेडूक लावून गळ सोडतात, कारण चिडलेली मरळ हमखास झडप घालते. पालक गेला की पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात. याला छंद म्हणायचं तर म्हणा!

बंदीत हौशी माणूसच आधी सापडतो, ही तुमची तक्रार मात्र खरी. काठावर उघडा बसतो ना तो. रात्री बारीक जाळं ओढणारा दिसत नाही. सुरुंग आणि विष तर १८९७ च्या मासेमारी कायद्यापासूनच बंद आहेत.

नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, वेगळं; ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य. इतर तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, आधी त्यांना विचारा. श्रावणात निम्मे गळवाले तसेही घरीच असतात.