माटोळीला हात पोचेना: प्राध्यापकांची अंगदुखी (अनुभव धागा)

चवथीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढले आणि उजवा हात कानाच्या वर जाईना. सुपारीचा घोस शेवटी दिरांनी बांधला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. पहिला प्रश्न मधुमेहाचा (आहे, नऊ वर्षं), दुसरा नोकरीचा. बावीस वर्षं फळ्यावर लिहितेय म्हटल्यावर हसले, "मग चालायचंच!" खांदा फळ्यानेच धरला असं मी म्हणणार नाही, मधुमेहींना हे जास्त होतं. पण स्टाफरूममध्ये विचारलं तर एकीची मान, दुसऱ्याची कंबर, तिसऱ्याच्या टाचा. ताळगावच्या पठारावरचे, म्हणजे गोवा विद्यापीठातले, असोत की कॉलेजांतले, तुमचं काय दुखतं? मोकळेपणाने लिहा.

फोंडेकर: माझा अंगठा. पेपर तपासणीच्या हंगामात लाल पेन धरवेना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला लावलं, मी ओरडलोच. डी क्वेर्वेन म्हणे, अंगठ्याच्या स्नायुबंधाच्या आवरणाला आलेली सूज. पट्टा बांधून तीन आठवडे काढले. आमच्याकडे पेपर तपासायला प्लास्टिकच्या खुर्च्या आणि जेवणाच्या पंगतीसारखी लांब टेबलं. उंची कोणाच्याच मापाची नाही. घरी यायचं स्कूटरवरून, खड्डे मोजत.

प्रयोगशाळेतली: केमिस्ट्री. तीन तासांचं प्रॅक्टिकल, उभ्याने, फरशीवर. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत सुई घुसते. दहा पावलांनंतर जरा बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा तेच. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून तळव्याखाली फिरवते, त्याने आराम पडतो. चपला बदलल्या, त्याचा मात्र फारच उपयोग झाला. लॅबमध्ये एक उंच स्टूल मागितलंय, दोन वर्षं झाली.

पेडण्याचा: दुखत नाही कोणाला? आमची आई अजून शेतात वाकते. एसीत बसून कुरकुर कसली?

प्रयोगशाळेतली: एसी कुठल्या कॉलेजात आहे, पत्ता द्या, बदली मागते. आणि आईला कंबर दुखते का, विचारलंत कधी?

मडगाववासी: २०२० मध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून वर्ग सुरू झाले, तिथूनच माझी मान गेली. डोकं साधारण पाच किलोचं, पण मान ६० अंश झुकवली तर कण्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो, असं २०१४ च्या एका अभ्यासात काढलंय. आता लॅपटॉपखाली जुने शोधप्रबंध रचलेत, वेगळा कीबोर्ड घेतलाय. प्रबंधांचा इतका उपयोग कोणी केला नसेल. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइली भरताना मात्र सगळं विसरायला होतं, रात्री बारा वाजता मान पुन्हा पुढे.

लेक्चर बेसिस: माझी नोकरी तासांवर. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, मध्ये कदंबाच्या बसमध्ये उभ्याने. पाठीवर लॅपटॉप, डबा, छत्री. स्टाफरूममध्ये माझी अशी खुर्चीच नाही, जी रिकामी दिसेल ती. फिजिओथेरपीला गेले तर तास बुडतो, तास बुडाला की पैसे बुडतात. म्हणून कंबरेला पट्टा बांधून येते आणि पदराने झाकते. कोणाला कळलं तर पुढच्या सत्राला बोलावतील का, ही भीती वेगळीच.

धागाकर्ती: वरचं वाचून गप्प झाले. माझी रजा तरी पगारी होती. खांद्याचं म्हणाल तर लोलकासारखे हात हलवण्याचे व्यायाम चालू आहेत. अंबाडा घालता येतो, ब्लाउजचा मागचा हुक अजून मुलगी लावते.